पत्र्याचा पत्ता: प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४

११ जून
विषय ठरला. अंतराळात राहून परत आलेल्या यानाचा एखादा तुकडा अभ्यासासाठी मागवायचा, त्यावर धूलिकणांनी पाडलेले खड्डे मोजायचे आणि खड्ड्याच्या तळाशी कणाचं काही उरलंय का ते पाहायचं. असं काही मागता येतं हेच पोरांना आधी खरं वाटेना. नासाच्या ह्यूस्टनमधल्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये चंद्रावरचे दगड ठेवलेत हे सगळ्यांना ठाऊक, पण त्याच छपराखाली 'स्पेस एक्सपोज्ड हार्डवेअर' म्हणून वेगळा संग्रह आहे: यानांचे पत्रे, उष्णता अडवणारी ब्लँकेटं, भाग जागेवर पकडून ठेवणारे क्लॅम्प. संशोधनासाठी लेखी मागणी केली आणि ती तिथल्या तज्ज्ञांना पटली, तर तुकडा मिळतो. विकत नाही, बक्षीसही नाही, उसना. काम झालं की परत करायचा.

आम्ही चौघं: बेळगावच्या कॉलेजात शिकवणारा मी आणि माझे तीन विद्यार्थी. पोरांना गावाच्या नावानंच हाका मारायची इथली सवय, म्हणून नोंदीतही तसंच लिहितो: खानापूर (ही मुलगी, तिघांत सर्वात चिकाटीची), निपाणी आणि गोकाक. गोकाकची घरची भाषा कन्नड, पण भांडतो मराठीतून.

१५ जून
निपाणीचा प्रश्न: "सर, ह्यूस्टनला कशाला जायचं? आपल्या इस्रोकडचं काय नाही काय?"

आहे की. १० जानेवारी २००७ ला पीएसएलव्ही-सी७ मधून गेलेली एसआरई-१ ही सुमारे ५५० किलोची कुपी बारा दिवस कक्षेत फिरली आणि २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात उतरली. देशाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट. पण आमच्या कामाला ती चालत नाही, आणि का चालत नाही हे समजायला फळ्यावर अर्धा तास गेला.

एक तर बारा दिवसांत खड्डे पडून पडणार किती? दुसरी अडचण त्याहून मोठी. कुपी वातावरणातून तापत, जळत खाली येते. अंतराळ ज्या कातडीला लागलं, तीच कातडी परतीच्या वाटेवर भाजून निघते. म्हणजे आपल्याला हवी ती नोंद पुसूनच कुपी घरी पोचते. बाहेरची कातडी शाबूत हवी तर ती वस्तू दुसऱ्या कुणाच्या पोटात बसून खाली यायला हवी. हे काम स्पेस शटलनं केलं. शटल २०११ ला थांबलं, त्यामुळे बसएवढी वस्तू अख्खी खाली आणायची सोयही संपली. संग्रहात जे आहे त्याचं मोल त्यामुळेच वाढलंय.

२२ जून
कुठल्या यानाचा तुकडा? आज दिवसभर हेच.

सोलर मॅक्स: सूर्य पाहायला १९८० ला गेलेलं यान, १९८४ ला चॅलेंजर या शटलच्या अंतराळवीरांनी कक्षेतच दुरुस्त केलं, तेव्हा काढलेले भाग खाली आणले. हबल दुर्बीण: तिचा जुना कॅमेरा १९९३ ते २००९ असा साडेपंधरा वर्षं वर राहून आला, त्याच्या रेडिएटरवर भरपूर खड्डे. आणि एलडीईएफ, म्हणजे लाँग ड्युरेशन एक्सपोजर फॅसिलिटी.

माझं मत पहिल्यापासून एलडीईएफ. म्हटलं तर नुसता सांगाडा. इंजिन नाही, काही नाही. बारा बाजूंचा, ९.१ मीटर लांब, ४.३ मीटर रुंद लोखंडी कपाटासारखा, फक्त ॲल्युमिनियमचा. त्याच्या प्रत्येक बाजूला ट्रे आणि ट्रेमध्ये ५७ प्रयोग. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजरनं सोडला. वर्षभरात परत आणायचा होता. आधी वेळापत्रक लांबलं, मग जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजरच उड्डाणात फुटलं. हा बिचारा वर फिरतच राहिला. १२ जानेवारी १९९० ला कोलंबिया या दुसऱ्या शटलनं पकडला तोवर ३२,४२२ फेऱ्या झाल्या होत्या. शास्त्रज्ञांना एक वर्षाऐवजी पावणेसहा वर्षांची धूळ मिळाली.

पण मला तो आवडतो त्याचं कारण वेगळं. तो गिरक्या घेत नव्हता. लांबट असल्यामुळे गुरुत्वाकर्षणानंच त्याचं एक टोक कायम पृथ्वीकडे आणि एक बाजू कायम पुढे राहिली. घेरातल्या बारा रांगांपैकी ९ नंबरची रांग म्हणजे छातीची बाजू, ३ नंबरची म्हणजे पाठीची. पावसात सायकल हाणली की छाती भिजते, पाठ कमी भिजते, तसंच. त्यामुळे एखाद्या पत्र्यावर खड्डा दिसला तर तो कुठल्या बाजूनं आला हेही सांगता येतं. पत्र्याला पत्ता आहे.

३ जुलै
पोरांनी मागणीचा पहिला मसुदा आणला. सुरुवात: 'आम्हाला लहानपणापासून अंतराळाची ओढ आहे.' लाल पेन काढलं.

त्यांना राग आला. येऊ दे. मागणी वाचणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असणार: हाच तुकडा का, एवढाच का, आणि तुमच्या हातात दिला तर तो जसा गेला तसा परत येईल का. मसुद्यात तिन्हींचं उत्तर नाही. तुकडा कापणार, की नुसता बघणार, तेही नाही. 'उपलब्ध असेल तो कोणताही नमुना चालेल' असं वाक्य मात्र आहे. ते वाचूनच नकार येईल. ज्याला कुठलाही चालतो त्याला प्रश्नच नाही.

१० जुलै
माझ्या मामांच्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात), बेळगावच्या उद्यमबागेत. शॉट ब्लास्टिंगचं, म्हणजे धातूवर बारीक छर्रे मारायचं, मशीन वापरायला मिळेल का हे विचारायला गेलो होतो. सराव करायला खड्डे पडलेला पत्रा तरी हवा.

मामांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे तू भंगार मागवालायस."

मी म्हटलं, मामा, पावणेसहा वर्षं अंतराळात राहिलेलं भंगार. त्यावर त्यांनी कोपऱ्यातलं एक पंपाचं कास्टिंग उचललं, त्यावरचा उठावाचा आकडा दाखवला. हीट नंबर. कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीच्या कुठल्या ओतात हे झालं, रसाची तपासणी काय होती, सगळं त्या आकड्यावरून निघतं. "हे कास्टिंग आणि हे नंबर घासून गेलेलं कास्टिंग. धातू तोच. पण हे गिऱ्हाईक घेतंय, आणि ते परत भट्टीत जातंय. तुझ्या पत्र्याला नंबर आहे काय?"

आहे. एलडीईएफच्या सांगाड्यावर लांबीत ए ते एफ असे कप्पे आणि घेरात १ ते १२ रांगा. सी-९ म्हटलं की जागा ठरली. मामा म्हणाले, "मग मागव."

मसुद्याला तीन आठवडे जे जमलं नव्हतं ते त्या कोपऱ्यात पाच मिनिटांत झालं, असं खानापूर परत येताना रिक्षात म्हणाली. मला जरा लागलं.

१७ जुलै
६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा, म्हणजे एलडीईएफच्याच जातीचा, हातभर पत्रा मामांच्या मशीनमध्ये लटकवला. शॉट सेकंदाला ७०-८० मीटर वेगानं लागतात. एलडीईएफची धाव सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर, आणि समोरून येणाऱ्या कणाचा वेग त्यात आणखी मिळतो. म्हणजे आमचा मार शंभरपटीहून हळू.

फरक सूक्ष्मदर्शकाखाली लगेच दिसतो. शॉटचा खड्डा उथळ, पत्रा नुसता दबलेला, तिरका शॉट लागला की खड्डा लांबट. अंतराळातल्या खड्ड्यांच्या फोटोंत मात्र खड्डा अर्ध्या वाटीसारखा खोल, काठ बाहेर उलटलेले, आणि कण तिरका आला तरी तोंड बहुधा गोलच. कारण त्या वेगाला तो खिळ्यासारखा घुसत नाही. आदळला की स्वतः वितळतो, थोडा वाफ होतो, आणि स्फोट झाल्यासारखा सगळीकडे सारखा ढकलतो. जे वितळतं त्यातलं थोडं वाटीच्या तळाला चिकटून राहतं. आमचं सगळं काम त्या चिकटलेल्या मुलाम्याचं.

निपाणीनं एका चौरस सेंटिमीटरमधले खड्डे तीनदा मोजले. तीन वेगळे आकडे. खानापूरनं मोजले, चौथा आकडा. कशाला खड्डा म्हणायचं हे आधी लिहून ठरवायला हवं होतं. ठरवलं: पन्नास मायक्रॉनच्या वर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काठ किमान अर्धा दिसणारा. पुन्हा मोजणी.

२ ऑगस्ट
गेले दहा दिवस पावसानं काही सुचू दिलं नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीला ओल. डेसिकेटरमधली (नमुने कोरडे ठेवायच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका जेल चार दिवसांत गुलाबी, म्हणजे ओलीनं भरलेली. उसना तुकडा इथं जुलैत ठेवायचा म्हणजे जोखीमच. मागणीत स्पष्ट लिहायचं: नमुना आमच्याकडे डिसेंबर ते मेच राहील.

९ ऑगस्ट
आज प्रकल्प जवळजवळ मोडला. तो मोडणारा गोकाक, आणि त्याचे आभार मानायला हवेत.

आमचा प्रश्न असा होता: पत्र्यावरचे किती खड्डे निसर्गातल्या दगडी धुळीचे आणि किती माणसाच्या कचऱ्याचे? कचऱ्यात रंगाच्या खपल्या असतात, आणि घन इंधनाच्या रॉकेटमधून उडालेले ॲल्युमिनाचे बारीक कण असतात. रॉकेटच्या इंधनात ॲल्युमिनियमची पूड घालतात, जळून तिचं ॲल्युमिना होतं.

गोकाक फळ्याकडे बघत म्हणाला, "सर, पत्रा ॲल्युमिनियमचा. कण ॲल्युमिनाचा. दिसणार कसा हो?"

खोलीत कुणी बोललं नाही. बेळगावात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढायचा अख्खा कारखाना आहे, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचं कुणी ना कुणी तिथं कामाला, आणि ही गोष्ट आठ आठवडे एकाच्याही डोक्यात आली नाही. माझ्याही.

निपाणी म्हणाला, ऑक्सिजन दिसेल की. ॲल्युमिनात आहे, धातूत नाही. धारवाडला जाऊन करून बघू.

२१ ऑगस्ट
धारवाड. एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे तीन तास मिळाले, त्यातला पाऊण तास वीज गेली.

आमच्या पत्र्यावर ॲल्युमिनाची पूड दाबून नेली होती. इलेक्ट्रॉनच्या शलाकेखाली प्रत्येक मूलद्रव्य क्ष-किरणांच्या आलेखावर आपला उंचवटा दाखवतं; ऑक्सिजनचा दिसला. निपाणी खूष. तेवढ्यात खानापूरनं पिशवीतून कागद काढला: एलडीईएफचे ट्रे आणि क्लॅम्प क्रोमिक आम्लात ॲनोडाइझ केलेले होते. म्हणजे पत्र्यावर मुळातच ऑक्साइडची साय. शिवाय वर असताना रंग आणि सिलिकोन यांतून निघालेल्या वाफांनी काही भागांवर तपकिरी थर बसला, त्यातही सिलिकॉन आणि ऑक्सिजन. ऑक्सिजनची साक्ष कोर्टात टिकत नाही.

दुसरी गोष्ट तिथल्या ऑपरेटरनं शिकवली. २० किलोव्होल्टला शलाका ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ मायक्रॉन खोल जाते. वरचा पातळ मुलामा सोडून खालचा पत्राच बोलायला लागतो. व्होल्टेज उतरवावं तर लोखंडाची मुख्य रेषा उठवायला सात किलोव्होल्टच्या वर लागतातच. दहावर तडजोड केली. आणि नमुन्यातून वीज वाहावी म्हणून देतात तो सोन्याचा थर द्यायचा नाही म्हणजे नाही. धातूचा नमुना आहे, विजेला वाट आहे, उगाच उसन्या तुकड्याला मुलामा कशाला?

येताना कित्तूरजवळ चहा. गोकाक म्हणाला, मग सोनंच मागू या. त्याचं चूक नाही. एलडीईएफच्या पाठीच्या बाजूला सोन्याचे पत्रे लावले होते ते याचसाठी. सोन्यावर कशाचीही खूण उठून दिसते. त्यांवरच पाठीमागून आलेले ॲल्युमिनियमचे कण सापडले आणि सगळे चकित झाले. गोल कक्षेतला कचरा पाठीत घुसू नये, तो सोबत फिरत असतो. म्हणजे लांबोळ्या कक्षांतला कचरा लोकांनी धरला होता त्याहून जास्त निघाला. पण ते काम झालेलं आहे, आणि नवख्यानं पहिल्याच मागणीत तिजोरीतली वस्तू मागू नये.

२५ ऑगस्ट
मामांना फोन. सगळं ऐकून म्हणाले, "६०६१ म्हणतोयस ना? त्यात मॅग्नेशियम एक टक्का, सिलिकॉन अर्धा-पाऊण, लोखंड थोडं असतंच. मग तुमच्या दगडाच्या कणात काय असतंय?"

मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोखंड. हेच तीन.

फोन ठेवला आणि अर्धा तास गॅलरीत उभा राहिलो.

८ सप्टेंबर
काल गणपती बसले. आज सुट्टी, पण खानापूर आणि निपाणी आले, मोदक घेऊन.

आजच्या तारखेला बरोबर वीस वर्षांपूर्वी, ८ सप्टेंबर २००४ ला, नासाच्या जेनेसिस यानाची कुपी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात आपटली. सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणारे कण, गोळा करून आणलेले अतिशुद्ध पदार्थांचे वेफर (पातळ चकत्या) होते तीत. हवाई छत्री उघडलीच नाही, कारण वेग कमी होतोय हे ओळखणारे स्विच आराखड्यातच उलटे बसवलेले. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगानं चिखलात. वेफरांचे हजारो तुकडे.

पोरांना हे सांगितलं ते पुढच्या भागासाठी. कुठला तुकडा कुठल्या पॅनलचा हे कसं कळणार? एका पॅनलवर जलद सौरवारा, दुसऱ्यावर संथ, तिसऱ्यावर सूर्याच्या उद्रेकातला. सगळं मिसळलं तर संपलं. पण बनवणाऱ्यांनी प्रत्येक पॅनलच्या वेफरांची जाडी पन्नास मायक्रॉननं वेगळी ठेवली होती. तुकड्याची जाडी मोजा, पॅनल सापडतं. मामांच्या भाषेत हीट नंबर, तोही फुटला तरी न पुसणारा. त्या तुकड्यांवर आजही काम चालू आहे, आणि तेही मागणी करूनच मिळतात.

मग आमचा प्रश्न सुटला, मोदक खाताना. खड्ड्यातल्या मॅग्नेशियमचा आकडा एकटा घ्यायचाच नाही. त्याच तुकड्यावर, खड्ड्यापासून थोडं दूर, न लागलेल्या जागेचं मोजमाप घ्यायचं आणि त्यातून वजा करायचं. वर उरेल ते कणाचं. दगडी कणाला निकेल आणि गंधक यांची जोड शोधायची. ६०६१ मध्ये ती नसल्यातच जमा. रंगाच्या खपलीला टायटॅनियम आणि झिंक. ॲल्युमिना आम्हाला दिसणार नाही, आणि तसं मागणीत पहिल्या पानावर लिहायचं.

म्हणजे हवा तो तुकडा ठरला: खड्ड्यांइतकाच कोऱ्या जागेचा. भरपूर खड्डे असलेला सुंदर तुकडा आता नकोच. निपाणी म्हणाला, "आपण वाईट तुकडा मागायला लागलोय." अगदी तसंच नाही, पण जवळपास.

२४ सप्टेंबर
विसर्जनानंतरचा आळस संपला. हाताळणीचं प्रकरण लिहायला घेतलं आणि सर्व्हेयर-३ ची गोष्ट घालून बसलो. १९६७ मध्ये चंद्रावर उतरलेल्या त्या यानाचा कॅमेरा अपोलो-१२ च्या लोकांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये काढून आणला. आत घशातला एक साधा जीवाणू सापडला, आणि तो अडीच वर्षं चंद्रावर जगला असं जगभर झालं. पुढे अनेकांनी म्हटलं, तो चंद्रावर जगला नाही, परत आल्यावर तपासणाऱ्या खोलीतूनच शिरला. वाद राहिला, कारण हाताळणी पुरेशी काटेकोर नव्हती. आमचा नियम: हातमोजे, मास्क, तुकडा कडेनं चिमट्यात, मागे चिकटपट्टी नाही, आणि कोण किती वाजता उघडलं याची वही. गोकाकनं विचारलं, आपल्या सरावाच्या पत्र्यालाही वही? हो. आजपासून.

८ ऑक्टोबर
ऑफिस. क्लार्क मॅडमचा प्रश्न साधा होता: "सर, आलं तर डेडस्टॉकला घालायचं काय?"

नाही घालायचं. डेडस्टॉक म्हणजे कॉलेजच्या मालकीची वस्तू. ही दुसऱ्या देशाच्या सरकारची. "मग लायब्ररीच्या पुस्तकासारखं?" त्यातल्या त्यात तसंच. मग किमतीचा रकाना. भाव काय लावायचा? ॲल्युमिनियमचा बाजारभाव धरला तर चहाचे पैसेही नाहीत; आणायला झालेला खर्च धरला तर कॉलेज विकावं लागेल. शेवटी वेगळं रजिस्टर उघडायचं ठरलं, किमतीच्या जागी 'उसना, परत देणे'. मॅडमनी कन्नडमध्ये लिहिलं, खाली माझी मराठी सही.

कपाटाचा मुद्दाही त्यांनीच काढला: दोन किल्ल्या, एक त्यांच्याकडे. हे आम्ही मागणीत लिहिलंच नव्हतं.

२२ ऑक्टोबर
शेवटचा मसुदा. दोन क्लॅम्प, एक ९ व्या रांगेचा, एक ३ ऱ्या. कापणार नाही, घासणार नाही, थर देणार नाही. पाच महिने. सरावाच्या पत्र्याची आकडेवारी जोडली, चुकलेल्या मोजणीसकट. खानापूरचं म्हणणं, चुकलेली मोजणी कशाला दाखवायची? मी ठेवली. पाचव्या मोजणीपासून आकडे जुळायला लागले, ते आधीचे चार पाहिल्याशिवाय कळणार नाही.

'लहानपणापासून ओढ' हे वाक्य निपाणीनं गुपचूप शेवटच्या पानावर परत घातलं होतं. काढलं.

६ नोव्हेंबर
दिवाळी संपली, प्राचार्यांची सही झाली. मागणी दुपारी सव्वातीनला पाठवली. आउटवर्डला नंबर पडला. मामांना कळवलं, म्हणाले, "नंबर जपून ठेव."

९ नोव्हेंबर
उत्तराची वाट बघत बसायचं नाही. सरावाच्या पत्र्याच्या मागे कुठली बाजू मशीनकडे होती याचा बाण काढायचा राहिला होता. जुलैत फोटो घेतले होते, त्यावरून ठरवायला गेलो तर दोन फोटोंत पत्रा उलटा. खानापूर म्हणते वरची कड, निपाणी म्हणतो खालची. वहीत 'दिशा: अनिश्चित' लिहिलं. सोमवारी फौंड्रीत नवा पत्रा, आधी बाण, मग मार.

सिलिका जेल पुन्हा गुलाबी. ओव्हनमध्ये १२० अंशाला भाजायला ठेवायची.